सस्पेन्स खात्यातला राक्षस

हिशेबशास्त्रात सस्पेन्स नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचं काय करायचं ते कोणालाच कळत नाही, ती रक्कम संध्याकाळी या खात्यात ढकलायची आणि टॅली झालं म्हणून घरी जायचं. रक्कम तिथे पडून राहते. महिना, वर्ष, कधीकधी ढकलणारा क्लार्क रिटायर होईपर्यंत. तपासनीस आला की पहिलं बोट याच खात्यावर ठेवतो. बी. कॉम.ला असताना मी हे खातं शिकलो. पण साहित्यातही ते असतं हे मला एच. पी. लव्हक्राफ्ट नावाच्या अमेरिकन भयकथाकाराच्या कथा वाचल्यावर कळलं.

या गृहस्थाची पद्धत अशी. नायक दार उघडतो. दारापलीकडे काहीतरी भयंकर असतं. आता वर्णन येणार म्हणून आपण खुर्चीच्या काठावर सरकतो, तर नायक म्हणतो की जे दिसलं ते शब्दांत सांगता येणार नाही, मानवी भाषेला ते पेलणार नाही, आणि बेशुद्ध पडतो. झालं! एंट्री सस्पेन्सला. एडमंड विल्सन नावाचा मोठा समीक्षक १९४५ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये यावरच बरसला होता. त्याचं म्हणणं, गोष्ट भयानक आहे की नाही ते वाचकाला ठरवू द्या, लेखकानं पानोपानी विशेषणांची तोरणं कशाला लावायची? आणि एवढं करून शेवटी बाहेर काय येतं, तर शीळ घालणारा अदृश्य ऑक्टोपस! विल्सनसाहेबांच्या रिपोर्टात चूक काढता येत नाही. पण इन्स्पेक्शन रिपोर्ट वाईट आला म्हणून शाखा बंद पडते असं थोडंच आहे? ही शाखा तर त्यानंतरच भरभराटीला आली.

ती भरभराट हाच माझा विषय आहे. म्हणजे लव्हक्राफ्टच्या कथा नव्हेत. त्या कथांवरून त्याच्या भक्तांनी काढलेली चित्रं, केलेली विडंबनं, विणलेल्या टोप्या आणि शिवलेल्या बाहुल्या. माझा भाचा आर्ट स्कूलमध्ये आहे. त्याच्या टेबलावर हिरव्या मखमलीचा एक गुबगुबीत प्राणी बसलेला असतो. डोकं ऑक्टोपसचं, पाठीला दोन बारकेसे पंख, पोट आमच्या हेडकॅशियरसारखं. "मामा, हा जगाचा अंत करणार आहे," भाच्यानं ओळख करून दिली. माझी बहीण रोज त्याच्यावर फडकं मारते.

आधी मूळ दस्तऐवज पाहू. लव्हक्राफ्ट १८९० मध्ये प्रॉव्हिडन्स या गावी जन्मला आणि १९३७ मध्ये, सेहेचाळीसाव्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगानं गेला. हयातीत गोष्टीचं पुस्तक म्हणावं असं एकच निघालं, १९३६ मध्ये. तेही मुद्रणदोषांनी भरलेलं, आणि बांधलेल्या प्रती दोनशेच्या आसपास. बाकी सगळं लेखन स्वस्त कागदाच्या मासिकांत. 'द कॉल ऑफ क्थुल्हू' ही त्याची सगळ्यांत गाजलेली कथा 'विअर्ड टेल्स'नं आधी साभार परत केली आणि मग फेब्रुवारी १९२८ च्या अंकात छापली. मेल्यावर दोन वर्षांनी मित्रांनी पदरमोड करून जाडजूड संग्रह काढला, प्रती १२६८, किंमत पाच डॉलर. तो खपायलासुद्धा वर्षं लागली. आज त्याच्या राक्षसाची बाहुली त्याहून महाग आहे आणि लोक रांगेनं घेतात. मखमल मात्र चांगली असते.

कथा थोडक्यात अशी. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या एका शहरात क्थुल्हू नावाचं, ताऱ्यांवरून आलेलं एक प्रचंड धूड झोपलं आहे. आकाशातले तारे ठराविक जागी आले की ते उठणार आणि मानवजातीचा निकाल लागणार. यात खरी मेख अशी की क्थुल्हूचा आपल्यावर राग वगैरे काही नाही. आपल्याकडच्या भुताला निदान कारण लागतं. कोणाची जमीन गेलेली असते, कोणाची सून. हे भूत आपल्याला ओळखतच नाही. विश्वाच्या लेखी माणूस खिजगणतीत नाही, हेच लव्हक्राफ्टचं भय. हेड ऑफिसला तीन वर्षं बदलीचे अर्ज केलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता नाव. ते माणसाच्या घशातून निघणारच नाही असं लेखकानं मित्रांना पत्रांतून कळवलं होतं, त्यामुळे इंग्रजी वाचक गेली शंभरएक वर्षं त्यावर ठेचकाळतो आहे. आपली तेवढी अडचण होत नाही. ज्या लिपीत 'वाङ्निश्चय' आणि 'कार्त्स्न्य' सुखानं नांदतात, तिथे 'क्थु' म्हणजे लांबचा का होईना, नातेवाईकच.

चित्रकार मंडळींनी अवर्णनीय गोष्टीची चित्रं काढून लेखकाचा विश्वासघात केला, असं काही कडवे भक्त म्हणतात. मला ते पटत नाही. कथा नीट वाचा. क्थुल्हूची मूर्ती दिसते तेव्हा लेखक सांगतो की ती एकाच वेळी ऑक्टोपससारखी, ड्रॅगनसारखी आणि माणसाच्या व्यंगचित्रासारखी होती. व्यंगचित्र हा शब्द त्याचाच आहे! शिवाय कथेत त्या राक्षसाचं चित्र मातीत घडवणारा पहिला माणूस कोण, तर आर्ट स्कूलमधला एक विद्यार्थी. त्याला स्वप्न पडतं, सकाळी उठून तो शिल्प करतो आणि म्हाताऱ्या प्रोफेसरसाहेबांना दाखवायला घेऊन जातो. भाच्याच्या टेबलावरची वंशावळ थेट तिथपर्यंत जाते.

इतकंच नव्हे, तर १९३४ च्या मे महिन्यात लव्हक्राफ्टनं स्वतःच क्थुल्हूचं चित्र काढून बार्लो नावाच्या एका पोरसवदा मित्राला पाठवलं. मी ते छापलेलं पाहिलं आहे. चौथऱ्यावर अंग चोरून, गुडघ्यांवर हात ठेवून तो जगाचा संहारक बसला आहे. पेन्शनच्या दिवशी बँक उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसलेले एक आजोबा आमच्याकडे आहेत, अगदी तसाच. चित्राकडे बघून भीती वाटत नाही, आत बोलावून खुर्ची द्यावीशी वाटते. आणि माझ्या मते हे चित्र फसलेलं नाही. ते काढणाऱ्याला आपल्या राक्षसाची गंमत वाटत होती.

लव्हक्राफ्ट म्हटलं की लांब हनुवटीचा, काळ्या कोटातला, सुतकी माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हा माणूस पत्रांतून मित्रांची खेचण्यात पटाईत होता. क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ या मित्राला त्यानं 'क्लार्काश-टन' करून टाकलं, जणू तो कुठल्यातरी बुडालेल्या खंडातला पुजारी आहे. स्वतः तिशी-चाळिशीतच 'आजोबा' म्हणून सही करायचा. आणि रॉबर्ट ब्लॉकची भानगड तर माझ्यासारख्या माणसानं फ्रेम करून टेबलावर ठेवावी अशी आहे.

ब्लॉक तेव्हा अठरा वर्षांचा होता. ('सायको' लिहिणारा तोच, पण ते फार नंतर.) त्यानं एक कथा लिहिली आणि तीत लव्हक्राफ्टवर बेतलेल्या एका पात्राला ठार मारायचं ठरवलं. मासिकवाल्यांना वाटलं, जिवंत माणसाला मारायचं तर त्याची परवानगी हवी. ब्लॉकनं पत्र टाकलं. तर लव्हक्राफ्टनं १९३५ च्या एप्रिलमध्ये त्याला रीतसर अधिकारपत्र पाठवलं! मारा, नष्ट करा, रूपांतर करा, हवी तशी विल्हेवाट लावा, अशी कलमं असलेलं. खाली सही. सहीखाली साक्षीदार. साक्षीदारांत अब्दुल अल्हजरेद नावाचा एक वेडा अरब आणि एक लामा. दोघंही लव्हक्राफ्टमंडळींच्या कथांतली पात्रं, म्हणजे दोघंही अस्तित्वात नाहीत. आमच्याकडे असे साक्षीदार काही कर्जप्रकरणांत निघतात, पण इतक्या उघडपणे नाही. पुढे लव्हक्राफ्टनंही उलट टपाली एक कथा लिहून रॉबर्ट ब्लेक नावाच्या तरुण लेखकाला त्यात मारलं आणि हिशेब चुकता केला.

म्हणून मी म्हणतो की या थट्टेला मालकाची संमती आहे. आपले राक्षस, आपली खोटी पुस्तकं, आपली खोटी गावं त्यानं मित्रांना वापरायला खुशाल दिली होती. 'नेक्रोनॉमिकॉन' नावाचा एक शापित ग्रंथ त्यानं कल्पनेनं रचला, तर वाचक ग्रंथालयांत तो मागायला लागले. काही वात्रट लोकांनी लायब्ररीच्या कार्डांच्या खणांत त्याची कार्डं घालून ठेवली. १९७३ मध्ये एका प्रकाशकानं तो चक्क छापला. आत कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं, आणि पुढे पुढे तीच पानं पुन्हा पुन्हा. आर्थर सी. क्लार्कनं तर १९४० मध्येच, लव्हक्राफ्ट जाऊन तीन वर्षं होतात न होतात तोच, त्याच्या अंटार्क्टिकावरच्या लघुकादंबरीचं विडंबन करून टाकलं होतं. बोर्हेसनं लव्हक्राफ्टला पो या लेखकाचा नकळत झालेला विडंबनकार म्हटलं आहे. बोर्हेस आंधळा होता, पण त्याला असलं फार स्पष्ट दिसायचं.

या सगळ्या उद्योगात माझं सर्वांत आवडतं काम १९८१ मध्ये निघालेला एक खेळ. सँडी पीटरसननं केलेला. त्यात खेळाडूला शहाणपणाची शिल्लक असते, आकड्यात. राक्षस दिसला की शिल्लक कमी. त्यातून थोडीफार पुन्हा जमा करता येते. पण विश्वाबद्दलचं गूढ ज्ञान जितकं वाढत जाईल तितकी शहाणपणाची कमाल मर्यादा खाली येत जाते. नव्व्याण्णवातून ज्ञान वजा, उरेल तेवढं शहाणपण. शून्यावर आलात की वेडे. लव्हक्राफ्टवर जाडजाड प्रबंध झाले आहेत. पण त्याचं सगळं तत्त्वज्ञान एका वजाबाकीत बसवणारा माणूस मला त्या प्रबंधकारांपेक्षा मोठा समीक्षक वाटतो. हे मी कॉमर्सचा म्हणून म्हणत नाही. बरं, थोडं म्हणूनही.

दुसरं चांगलं काम २००५ मधलं. त्याच्या नावानं चालणाऱ्या एका हौशी मंडळानं क्थुल्हूवर चित्रपट केला आणि तो मुका केला. कृष्णधवल, मधेमधे पाट्या, जणू कथा छापली गेली त्याच काळात स्टुडिओत उभा राहिलेला. यातली अक्कल बघा. बोलपट केला असता तर पात्रांना ती विशेषणं तोंडानं म्हणावी लागली असती आणि प्रेक्षक फिस्सकन हसले असते. आवाजच काढून घेतला! राक्षस आला तरी त्याचा आवाज नाही, वर्णन नाही, फक्त हलणारी सावली. हसू येतं आणि येता येता थांबतं. हीच मंडळी नाताळच्या गाण्यांच्या चालींवर क्थुल्हूची गाणी रचून म्हणतात. ती मी ऐकली. दोन चांगली आहेत.

बाकी ढिगाऱ्याबद्दल मात्र फार लोभ धरू नये. अमेरिकेत निवडणूक आली की क्थुल्हूला राष्ट्राध्यक्ष करा असे बिल्ले निघतात. दोन वाइटांतला कमी वाईट कशाला निवडता, हा त्यातला विनोद. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मनापासून हसलो. पण १९९० च्या दशकापासून दर चार वर्षांनी तोच विनोद म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट झालं. आपोआप रिन्यू होतं, व्याज घटत जातं. सपाता, मग, मांजरांना चिकटवलेले ऑक्टोपसचे पाय, यांत तर विनोदही नाही, नुसता छाप आहे. लोकरीच्या माकडटोपीला दाढीच्या जागी आठ लोंबणारे पाय विणलेला एक नमुना मी घरी दाखवला. आमच्या हिनं चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "अहो, डावीकडच्या तिसऱ्या पायाचे टाके सुटलेत." मला वाटतं, एवढी अचूक टीका त्या टोपीवर दुसऱ्या कोणी केलेली नसेल.

शास्त्रज्ञही मागे नाहीत. २०१३ मध्ये वाळवीच्या पोटात सापडलेल्या एका अतिसूक्ष्म जीवाला त्यांनी क्थुल्हूचं नाव दिलं. आमच्या जुन्या लेजरांचं काय झालं ते आता कळलं. २०१५ मध्ये यान प्लूटोजवळून गेलं, तेव्हा तिथल्या एका मोठ्या काळ्या पट्ट्यालाही हेच नाव पडलं होतं. २०२३ मध्ये त्याला दुसरं अधिकृत नाव मिळालं. म्हणजे तिथूनही बदली.

इथवर सगळं ठीक आहे. पण ही चित्रं आणि हे विनोद एका लायनीत लावून पाहिले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सगळ्यांनी सस्पेन्स खात्यातली एकच मोठी एंट्री उचलली आहे. राक्षस. खात्यात दुसऱ्या एंट्र्या आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही. त्यातली एक आपल्या नावावर आहे.

क्थुल्हूच्या कथेच्या शेवटाकडे या. राक्षसाला प्रत्यक्ष पाहून जिवंत परतलेला नॉर्वेचा खलाशी योहान्सेन गोथेनबर्ग बंदराजवळच्या अरुंद गल्लीतून चालला आहे. माळ्याच्या खिडकीतून कागदांचा एक गठ्ठा खाली पडतो आणि तो कोसळतो. (कागदांच्या गठ्ठ्यानं माणूस मरतो यात कुणाला अतिशयोक्ती वाटेल. त्यांनी मार्चअखेरीस आमच्या रेकॉर्ड रूममध्ये यावं.) दोन लास्कर खलाशी लगेच धावतात, त्याला उठवतात. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो मेलेला असतो. डॉक्टर म्हणतात, हृदय कमजोर होतं. आणि निवेदक? तो यातून ताडतो की हा क्थुल्हूच्या पंथाचा कट. त्याच कथेत म्हातारे प्रोफेसरही असेच जातात; धक्का लागलेला असतो एका खलाशासारख्या दिसणाऱ्या काळ्या माणसाचा. निवेदकाला तेवढा पुरावा पुरतो.

लास्कर हा शब्द आपल्या 'लष्कर'चा भाऊ. पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या तोंडी जाऊन त्याचा अर्थ झाला हिंदुस्थानी खलाशी. कोणी सिल्हेटचा, कोणी गुजरातेतला, कोणी आमच्या रत्नागिरीचा. खाडीकाठच्या गावांतून माणसं मुंबईला यायची आणि गोऱ्या कंपन्यांच्या बोटींवर चढायची. डेकवर आमचे लोक, वर सलूनमध्ये वाढायला गोव्याचे. गोऱ्या खलाशाच्या मानानं पगार कितीतरी कमी, आणि तोही मनीऑर्डरीनं गावी. हा माणूस स्वीडनच्या थंडीत पडलेल्या अनोळखी माणसाला हात देतो आणि जागतिक साहित्यात त्याची नोंद होते, ती संशयित म्हणून!

हे योगायोगानं झालेलं नाही. लव्हक्राफ्ट १९२४ मध्ये लग्न करून न्यूयॉर्कला राहायला गेला. नोकरी मिळेना. काही आठवडे पाकिटांवर पत्ते लिहायचं काम केलं. कारकून म्हणून मला त्याचं वाईट वाटतं. १९२५ मध्ये ब्रुकलिनच्या खोलीतून त्याचे सूट चोरीला गेले. रस्त्यावर सीरियन, इटालियन, निग्रो, ज्यू. त्याची स्वतःची बायको ज्यू, युक्रेनमधून आलेली. आणि या माणसाला त्या गर्दीची अशी काही किळस बसली की त्यानं ती कथांत ओतली. क्थुल्हूचा आराखडा त्यानं त्याच खोलीत १९२५ च्या ऑगस्टमध्ये केला आणि प्रॉव्हिडन्सला परत पळाल्यावर कथा लिहिली. म्हणजे तळातला राक्षस ताऱ्यांवरून आला असेल, पण कथेचा कच्चा माल कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडांतूनच आला आहे. राक्षसाचा आपल्यावर राग नाही हे मी वर म्हटलं. लेखकाचा होता.

भक्तांना हे कळत नव्हतं असं नाही. वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं स्मृतिचिन्ह म्हणजे लव्हक्राफ्टचं डोकं असायचं. १९७५ पासून. ते घडवलं होतं गेहन विल्सन या व्यंगचित्रकारानं, आणि काय बेरकी घडवलं होतं! २०११ मध्ये तो पुरस्कार नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिका ननेडी ओकोराफोर यांना मिळाला. ज्या माणसानं काळ्यांबद्दल इतकं गलिच्छ लिहिलं त्याचं डोकं आपल्या घरात, या अवघडलेपणावर त्यांनी लिहिलं. वाद झाला, २०१५ नंतर ते डोकं बंद केलं गेलं आणि पुढे झाडाचं शिल्प आलं. भले केलं. पण डोकं काढून घेतल्यानं कथेतले दोन लास्कर निर्दोष सुटत नाहीत. त्यापेक्षा व्हिक्टर लव्हॅल या काळ्या लेखकानं २०१६ मध्ये केलं ते मला जास्त भावलं. लव्हक्राफ्टच्या सगळ्यांत विखारी ब्रुकलिनकथेतला प्रसंग त्यानं घेतला आणि तो एका काळ्या माणसाच्या बाजूनं सांगितला. पुस्तक अर्पण कोणाला, तर लव्हक्राफ्टलाच, मनातल्या उलटसुलट भावनांसकट. हा खरा भक्त. शिव्याही देतो आणि वारीही चुकवत नाही.

पण लव्हॅलचं पुस्तक विनोदी नाही. विनोदवाल्यांनी या बाजूला अजून पुरतं बघितलेलंच नाही, आणि इथेच माझी तक्रार आहे. निवेदकाचं तर्कशास्त्र बघा ना! ज्यानं उचललं त्यानंच मारलं. यापेक्षा हास्यास्पद त्या कथेत काय आहे? ऑक्टोपसला मखमल लावून झाली, टोपी घालून झाली, निवडणुकीला उभं करून झालं. जो माणूस घाबरला आहे त्याच्यावर मात्र कोणी हसत नाही.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. त्यानं ते, मामा बँकेतून दमून आले की बोलतात, या थाटात ऐकून घेतलं. दोन आठवड्यांनी एक कागद पुढे केला. अरुंद गल्ली, विखुरलेले कागद, मधोमध आडवा पडलेला गोरा. एक खलाशी खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतोय, डोक्याला मफलर गुंडाळलेला. दुसरा कमरेवर हात ठेवून वरच्या खिडकीकडे तोंड करून ओरडतोय. समुद्र कुठे नाही, राक्षस कुठे नाही. ओरडणाऱ्याच्या तोंडापुढे एक फुगा काढला होता, पण तो रिकामा.

"यात काय लिहू मामा? तुम्ही रत्नागिरीत वाढलात. वरून गठ्ठा टाकणाऱ्याला तिकडचा माणूस काय म्हणेल?"

मी त्याला सांगितलं. त्यानं ते तस्संच लिहिलं आहे. चित्र छान झालंय, पण इथे छापता येत नाही ते त्या फुग्यामुळे.